पिवळे झाड एकाचे, संकट शिवाराचे



2023 चा खरीप आठवा. देशात 1901 पासून पावसाच्या नोंदी आहेत. त्यांत सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या साली गेला. सप्टेंबरात विदर्भापासून मराठवाड्यापर्यंत सोयाबीनची रानेच्या राने पिवळी दिसू लागली. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले खत कमी पडले. बरेच जण दुकानातून टॉनिकची बाटली घेऊन आले. मी कृषीची पदवी घेतलेला माणूस. पण घरच्या रानात मीही लोहाची कमतरता समजून हिराकस फवारला आणि आठ दिवस वाट पाहिली. तेवढ्यात रोग बांध ओलांडून गेला. चूक माझी, भोगले शेजाऱ्याने. म्हणून हे लिहितो आहे.

आधी ओळख पक्की करा. लोह कमी पडले तर चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जागी पट्ट्यापट्ट्याने पीक पिवळे पडते. कोवळी पाने सारखी पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. पिवळा मोझॅक असा येत नाही. हिरव्या रानात एक झाड इथे, एक तिथे, अशी सुरुवात होते. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतात, पुढे त्यांवर तांबूस डाग पडतात. शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो. पानाची खालची बाजू पाहा. झाड हलवताच पांढरी माशी उडेल.

हा विषाणूचा रोग आहे. भेंडीचा हळद्या, मूग-उडदाचा केवडा हे त्याचेच भाऊबंद. रोगी झाडाचा रस शोषलेली पांढरी माशी निरोगी झाडावर बसली की रोग तिथे पोचतो. पावसाने ताण दिला की माशी वाढते. एकदा लागण झालेले झाड बरे करणारे औषध कोणत्याही दुकानात नाही. बुरशीनाशकाने भागत नाही, टॉनिकनेही नाही. फवारणीने मरते ती माशी, झाडातला विषाणू नव्हे.

म्हणून इलाज आधीच करावा लागतो. पेरताना थायोमेथोक्झाम 30 एफ.एस. किलो बियाण्याला 10 मिली याप्रमाणे चोळा. रोगी झाड दिसताच उपटून खड्ड्यात पुरा. बांधावर फेकू नका. बांधावरचे तण काढा. पिवळे चिकट सापळे लावा. माशी वाढली तरच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचे कीटकनाशक वापरा. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवारे वारंवार मारले तर माशी कमी न होता वाढते. नत्राचा भडिमार टाळा.

पण हे एकट्याने करून उपयोग नाही. मी दहा झाडे उपटली आणि शेजाऱ्याची शंभर उभी राहिली, तर माझे कष्ट वाया. माशी सातबारा बघून बसत नाही.

विम्याचेही तसेच आहे. 2025 च्या खरिपाआधी गारपीट झाली, पाणी साचले तर एकट्याच्या शेताची पाहणी होऊ शकत होती. रोगाला ती सोय तेव्हाही नव्हती. रोगाचे नुकसान महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनातूनच धरले जाते. तुमचे रान पिवळे आणि मंडळाची सरासरी बरी, तर हाती भोपळा. म्हणून गावात पीक कापणी प्रयोग कोणत्या प्लॉटवर, कोणत्या दिवशी आहे ते विचारा आणि तिथे उभे राहा. रोग दिसताच गावाचा एकत्र अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या.

आणि बियाण्याचा जाब विचारा. जे.एस. 335 हा 1994 साली प्रसारित झालेला वाण पिवळ्या मोझॅकला बळी पडतो. त्याच्याच घराण्यातला जे.एस. 20-29 प्रतिकारक म्हणून पुढे आला. मग प्रतिकारक वाणांचे खात्रीचे बियाणे पेरणीआधी तालुक्याला का पोचत नाही? रोग आल्यावर सल्ल्याचे पत्रक वाटणे सोपे आहे. बी वेळेवर देणे हे काम आहे, आणि ते सरकारचे आहे.

या बैठकीतून प्रत्येक गावाने एक ठराव घेऊन जावा: पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक शिवारफेरी. औसा असो की मुखेड, निलंगा असो की लोहा, चार बायामाणसे बांधाबांधाने फिरतील, पाने उलटून पाहतील, पिवळे झाड ज्याच्या रानात दिसेल त्याला त्याच दिवशी सांगतील. सांगितल्याचा राग धरू नका. मला 2023 मध्ये कोणी वेळेवर सांगितले असते, तर शेजाऱ्याचे रान वाचले असते.