जुने पेनड्राइव्ह ठेवायचे का?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय किरकोळ वाटेल, पण दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरी निघतो. जुने पेनड्राइव्ह ठेवावेत की टाकावेत? माझं मत सरळ आहे. वस्तू म्हणून ते ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि आतलं काढून न घेता टाकणं हा तर गाढवपणा :)

पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली, तेही ८ एमबीचे. फ्लॉपी घेऊन हिंडणाऱ्यांना तेवढंही खूप होतं. इथून तिथे न्यायला ते बनले होते, वर्षानुवर्षं साठवायला नव्हे. आत माहिती असते ती विजेच्या इवल्याशा भाराच्या रूपात. तो भार हळूहळू गळतो, आणि उष्णता असली की लवकर गळतो. आता सांगा, मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात काय होत असेल? हार्ड डिस्क बिघडायच्या आधी निदान कधीमधी खडखड तरी करते. हा बापडा काहीच बोलत नाही.

आमच्या अकोल्याच्या घरी अगदी अशाच कपाटात बिस्किटाचा डबा आहे, दहा-बारा पेनड्राइव्हने भरलेला. टाकायचा विषय काढला की काकू म्हणतात, "असू दे न बाप्पा, ते काय खायाले मांगते?" खायला मागत नाही, कबूल. पण त्यातल्या एकात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. २००८ साली काकांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या. मोबाईल केव्हाच गेला, आजीही गेली. दुसरी प्रत कुणाकडेच नाही. सगळे निश्चिंत आहेत, कारण डबा जागेवर आहे!

रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गहाळ झाली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली आणि पुढे नकलांवर नकला होत राहिल्या. पोथी एकाच पेटीत होती, पण मजकूर बऱ्याच जणांच्या डोक्यात होता, म्हणून आज आपण तो वाचतो. आजीच्या ओव्या कुणाला पाठ आहेत? मला तर दीड येते.

पुढची गंमत अशी की याच पंथाच्या कितीतरी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत होत्या. विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. आपली सकळ लिपी म्हणजे श्रीलिपी आणि कृतिदेव! युनिकोड घरोघरी पोचण्याआधी अमरावतीच्या टायपिंगच्या दुकानांत केलेले अर्ज, प्रबंध, लग्नपत्रिका आज उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पेजमेकरची तर शेवटची आवृत्तीच २००१ ची. तेव्हा नुसती कॉपी मारून भागणार नाही. फाँट बदलून घ्यायला हवा, किंवा पीडीएफ तरी.

वर्षातून एकदा कॉम्प्युटरला लावला की पेनड्राइव्ह ताजा होतो, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. आतलं उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत दुसऱ्या गावी. आमच्यासाठी अकोला-अमरावती हे अंतर पुरे आहे. आणि उघडलाच तर आधी अँटीव्हायरस फिरवा. सायबर कॅफेच्या काळातले ते पाहुणे अजून आत बसलेले असतात.

रिकामा झालेला पेनड्राइव्ह भंगारवाल्याला तसाच देऊ नका. डिलीट केलेलं परत काढता येतं, आणि त्यात कुणाकुणाच्या मार्कशीटा नि पॅनकार्डं असतात. आतल्या चिपचे दोन तुकडे करा, मग ई-कचऱ्यात.

अकोलेकर वाचत असतील तर त्यांच्यासाठी: दिवाळीआधीचा एखादा रविवार कळवा. लॅपटॉप मी घेऊन येतो. काकू, जेवायला भरीत-भाकर चालेल.