पर्यावरणाच्या तासाला विचारा : पाणी कुणाचे?

पदवीच्या विद्यार्थ्याला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ आणि २००३ च्या आदेशांतून हा विषय महाविद्यालयांत आला. पण आपली पोरं तो शिकतात कशी? परिसंस्थेची व्याख्या पाठ, अन्नसाखळीची आकृती पाठ, गाईडमधून उतरवलेला प्रकल्प, आणि पास. मग म्हणायचे, मुलांना विषयात रस नाही. रस कुठून येणार? ज्या गावात ती जगतात, ते गावच पुस्तकात नसते.

खरे तर अहिल्यानगर जिल्हा हीच मोठी प्रयोगशाळा आहे. अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस, आणि पारनेर, पाथर्डी, कर्जतला पाचशेच्या आसपास. एका एसटीच्या प्रवासात पर्जन्यछाया डोळ्यांनी दिसते. पण तास इथे संपू नये. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी कोणाच्या उसाला गेले? धरणाच्या वरच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे का फिरतात? पाथर्डीचा कोरडवाहू माणूस कोयता घेऊन उसाच्या फडात का जातो? ही सगळी एकच परिसंस्था आहे.

हिवरेबाजारला गणित शिकवा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे एका मिलिमीटरला जवळपास एक कोटी लिटर. हे गाव दरवर्षी पावसाचा हिशोब मांडून पिके ठरवते, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. व्याख्या न घोकताही भूजल समजते.

आणि तिथेच पुढचा प्रश्न विचारायला शिकवा. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारचे कुऱ्हाडबंदी, चराईबंदीचे नियम गाजले. डोंगर हिरवे झाले, हे नाकारायचे कारण नाही. पण विहिरीला पाणी वाढले की फायदा विहीरवाल्याला आधी होतो. ज्याला गुंठाभर जमीन नाही, फक्त दोन शेळ्या आहेत, त्याने चराईबंदीत काय करायचे? विद्यार्थ्याने हे गावात जाऊन विचारावे, आलेले उत्तर जसेच्या तसे लिहावे.

‘पर्यावरणात जात कशाला आणता?’ असे कुणी म्हणेल. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यात पाणी कमी नव्हते. जनावरे पीत होती, माणसांना बंदी होती. पाणी किती, हा अर्धा प्रश्न. पोहोचते कोणाला, हा उरलेला अर्धा. पुस्तक ज्याला ‘सामाईक संसाधन’ म्हणते, त्या गायरान-पडीक जमिनींसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ ला हजारो भूमिहीन तुरुंगात गेले. हा इतिहासही पर्यावरणाच्या पेपरचाच भाग आहे.

म्हणून मित्रांनो, यंदा प्रकल्प विकत घेऊ नका. आपल्या गावातल्या विहिरींची यादी करा. पाण्याची पातळी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात मोजा. विहीर कोणाच्या रानात, पाणी कोणत्या पिकाला, बौद्धवाड्यात नळ किती दिवसांनी, मातंग वस्तीत टँकर कितव्या नंबरला, हे एका नकाशावर मांडा. प्राध्यापकांना सांगा, आम्हाला याचे गुण द्या. आणि तोच नकाशा ग्रामसभेत ठेवून उत्तर मागा.

जय भीम!