दमेकऱ्याची किडनीही तपासा

वस्तीत ज्याला चालताना धाप लागते त्याला आपण दमेकरी म्हणतो आणि पुढची सगळी दुखणी त्या एका नावावर घालतो. पाय सुजले, भूक गेली, अंगात त्राण उरले नाही, तरी घरचे म्हणतात, दम्यामुळेच. दवाखान्यातही छाती तपासून पंप लिहून देतात. किडनीची चौकशी सहसा कोणी करत नाही. ती आता आपणच करायला हवी, असे आमचे म्हणणे आहे.

फुप्फुसांच्या या जुनाट आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. बिडी-सिगारेट हे मोठे कारण, पण एकटे नव्हे. आपल्या कितीतरी आयाबायांनी बिडीला हात लावला नाही, त्यांची छाती चुलीच्या धुराने खराब झाली. रस्ते झाडणाऱ्यांनी, कचऱ्याच्या गाडीवर राबणाऱ्यांनी, खडी फोडणाऱ्यांनी आयुष्यभर धूळ गिळली. टीबी बरा झाला तरी अनेकांची फुप्फुसे पहिल्यासारखी होत नाहीत. ही कामे कोणाच्या वाट्याला आली आणि का आली, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

सीओपीडीच्या रुग्णांमध्ये किडनीचा जुनाट आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे. तंबाखूचा धूर त्याच खराब करतो. रक्तात प्राणवायू कमी पडला की किडनीवरही ताण येतो. वाढते वय, बीपी आणि साखर यांची त्यात भर पडते.

आणखी एक कारण आपल्या हातातले आहे. खोकून बरगड्या दुखतात, कामाने अंग ठणकते, म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणली जाते. धाप असलेला माणूस ती महिनोन्‌महिने घेतो. या गोळ्या किडनीला मारक ठरू शकतात. अमिकासिनसारखी काही इंजेक्शनेही किडनीवर परिणाम करतात, म्हणून ती देताना किडनी तपासत राहावे लागते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मनाने बंद करू नका. पण चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी घेणे आजच थांबवा.

किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. तिथेही एक फसगत होते. रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. जुन्या दमेकऱ्याचे मांस झडलेले असते, त्यामुळे किडनी कमजोर असूनही त्याचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. त्यावरून काढलेला ईजीएफआर किती आहे ते विचारा. तो ३ महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात. सोबत लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या. वजन किती उतरले तेही डॉक्टरांना सांगा. धाप असलेल्या माणसाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी.

औषधालाच पैसे पुरत नाहीत, आणखी तपासण्या कुठून करायच्या, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण किडनी निकामी झाल्यावर काय होते ते पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होते, पण आठवड्यातून दोन-तीनदा जायचे आणि दरवेळी सुमारे ४ तास यंत्राला जोडून राहायचे. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, ती कोणतीच योजना भरून देत नाही. जिना चढताना ज्याला दम लागतो, त्याने ही ये-जा कशी करायची?

केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात सीओपीडी आणि किडनीचा जुनाट आजार हे दोन्ही आहेत. मग दवाखान्यात दोन्हींची तपासणी एकत्र का होऊ नये? महिला मंडळांनी आणि विहार समित्यांनी हे लेखी मागावे. जयंतीच्या आरोग्य शिबिरात आपण बीपी आणि साखर पाहतो, चष्मे वाटतो. धाप असलेल्यांची नावे वेगळी लिहून त्यांच्या लघवीची पट्टीने तपासणी करायला फार खर्च येत नाही. दोष दिसला तर त्या माणसाला सरकारी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी समितीतल्या कोणीतरी घ्यावी.

तथागतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः स्वच्छ केले आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या भिक्खूंना जाब विचारला. आजाऱ्याची विचारपूस हा आपल्या धम्माचा भाग आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एवढेच विचारा : आपल्या वस्तीत धाप कोणाकोणाला लागते आणि त्यांतल्या किती जणांची किडनी तपासली आहे?

जय भीम. नमो बुद्धाय.