गाईच्या पाठीवर कॅमेरा, मोजमाप कोणासाठी?

डेन्मार्कने 2024 साली एक निर्णय घेतला. जनावरांमुळे होणाऱ्या वायुउत्सर्जनावर 2030 पासून तेथे कर लागणार आहे. गाय जितके जास्त खाते, साधारणपणे तितका जास्त मिथेन वायू सोडते. त्यामुळे कमी चाऱ्यात तेवढेच दूध देणारी गाय हा तेथे आता केवळ नफ्याचा प्रश्न राहिलेला नाही.

अशी गाय ओळखायची कशी? दूध मोजणे सोपे. पण शेकडो गाई एकाच गव्हाणीवर खात असताना कोणी किती खाल्ले हे कसे कळणार? पूर्वी हे मोजमाप केवळ संशोधन केंद्रात, वजनकाट्याच्या महागड्या गव्हाणींवर होत असे. आता शेतकऱ्याच्या गोठ्यातच छताला त्रिमितीय कॅमेरे लावले जातात. दूध काढून गाय बाहेर पडताना तिच्या कानातील बिल्ला वाचला जातो व पाठीची प्रतिमा घेतली जाते. पुढे गव्हाणीवर पाठीच्या ठेवणीवरून संगणक तिला ओळखतो. समोरच्या चाऱ्याचा ढीग किती घटला यावरून तिचे खाणे ठरते. दूध, वजन, वंशावळ आणि जनुके यांच्याशी हे आकडे जोडून कोणत्या वळूच्या मुली चारा वाचवतात हे काढले जाते. डेन्मार्क, स्वीडन व फिनलंडच्या संयुक्त पशुमूल्यमापनात 2019 पासून ‘वाचवलेला चारा’ असा स्वतंत्र निर्देशांकच आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे कॅमेरे बसवणारी वायकिंगजेनेटिक्स ही पैदास संस्था या तीन देशांतील शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. गोठा शेतकऱ्याचा, गाय शेतकऱ्याची आणि त्या मोजमापातून तयार होणाऱ्या वळूचे मोलही शेतकऱ्यांच्याच संस्थेचे. यंत्राइतकीच ही व्यवस्थाही महत्त्वाची आहे.

आमच्या वाचकांना प्रश्न पडेल, डेन्मार्कच्या गाईशी आपला काय संबंध? आम्ही म्हणतो, सर्वांत जास्त संबंध आपलाच आहे. ज्याच्याकडे पन्नास एकर बागायत आहे त्याला चारा वाचला काय, न वाचला काय, फारसे बिघडत नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही, दोन शेळ्या आणि एक म्हैस आहे, त्याला कडब्याची प्रत्येक पेंढी विकत घ्यावी लागते किंवा दुसऱ्याच्या बांधावर अपमान सोसून गवत कापावे लागते. चारा म्हणजे जमीन. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 व 1964 साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. गायरानाचा लढा आजही संपलेला नाही.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवर लिहिताना एक मूलभूत मुद्दा मांडला होता. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवर ठरत नाही. भांडवल, श्रम, अवजारे यांच्याशी त्याचे प्रमाण काय, यावर ते ठरते. जनावराचेही तसेच आहे. मुरघास आणि पेंड भरपूर मिळते तेथे जी गाय काटकसरी ठरते, ती ज्वारीच्या कडब्यावर, मराठवाड्याच्या उन्हात तशीच ठरेल असे कोणीही गृहीत धरू नये. काटकसर ही गाय आणि तिची परिस्थिती यांच्या प्रमाणातून ठरते.

5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी वाशीम येथे गाईंसाठी ‘गौचिप’ व म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण केले. या चिपांनी जनावराची जनुके वाचता येतात. पण वाचलेल्या जनुकाचा अर्थ लावायला प्रत्यक्ष गोठ्यातील मोजमाप लागते. ते कोणाच्या गोठ्यात होणार? मोठ्या डेअरी फार्मवरच झाले, तर पुढच्या पिढीचा वळू त्यांच्यासाठीच घडेल आणि त्याचे रेतन मात्र आपल्या वस्तीतही विकले जाईल.

वकिली करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्याची नोंद नाही, त्याची बाजू नाही. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाच्या माहितीपुरता आहे. गाईच्या मोजमापावर मालकी कोणाची, याचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर आजच मागितले पाहिजे.

आमच्या मागण्या तीन. देवणी, लाल कंधारी, पंढरपुरी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी यांचे मोजमाप भूमिहीनांच्या दारात, त्यांच्याच चाऱ्यावर व्हावे. त्या आकड्यांची मालकी पशुपालकांच्या सहकारी संस्थेकडे असावी आणि तिच्या संचालक मंडळात भूमिहीनांना जागा असावी. आणि चारा पिकवायला गायरान कसणाऱ्याच्या नावावर व्हावे.

कमी चारा खाणारी गाय जरूर येऊ द्या. पण तो थोडा चारासुद्धा कोणाच्या तरी जमिनीतच उगवतो, हे विसरू नका.