तीन रुपये फूट

रमजानच्या आधी, शाबानच्या महिन्यात आमच्या मशिदीची साफसफाई निघते. भिंतींना चुना, पंख्यांची धूळ, वुजूखान्याच्या गळक्या तोट्या, आणि सगळ्यात शेवटी कारपेट. गेल्या वर्षी कारपेट धुण्याचं काम ठरवायची जबाबदारी माझ्याकडे आली. कारण एवढंच, की मी शिक्षक आहे आणि शिक्षकाला हिशेब येतो असा जमातीचा समज आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित नाही. पण नाही म्हणता आलं नाही.

आमचा हॉल तीस बाय चाळीस फुटांचा. चार फूट रुंदीच्या दहा सफा अंथरल्या की भरतो. म्हणजे १,२०० चौरस फूट कारपेट. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे कारपेटची काय कथा? दिवाळी उलटून गेली तरी सजद्यात कपाळ टेकलं की कुबट वास यायचा.

दोघांकडे भाव विचारला. एक जण वेल्ह्याकडचा. सोफे, गाद्या, कारपेट धुतो. तो मोटारसायकलवर आला, टेपने सफा मोजल्या, कोपरे उलटून पाहिले आणि म्हणाला, "सर, सगळं धरून साडेसात हजार. मशीन, शाम्पू, पाणी ओढून काढणं, येणं-जाणं. वर एक रुपया मागणार नाही." दुसऱ्याची जाहिरात कुणाच्या तरी मोबाईलवर आली होती. पुण्याची मंडळी. तीन रुपये चौरस फूट.

बैठकीत हिशेब दोन मिनिटांत झाला. तीन गुणिले बाराशे, छत्तीसशे. "आपल्या जवळचा माणूस दुप्पट सांगतोय, मशिदीच्या कामातसुद्धा कमवायला बघतोय," कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली. वेल्ह्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

पुण्याची गाडी गुरुवारी आली. अर्ध्या सफा अंगणात निघाल्या, ओल्या झाल्या, आणि मग कागद पुढे आला. तीन रुपये म्हणजे नुसती धूळ ओढणं, त्याचे ३,६००. शाम्पूचे फुटाला आणखी अडीच रुपये, म्हणजे ३,०००. डागांचे वेगळे ९००. जंतुनाशकाचे रुपया फुटाने १,२००. खेड शिवापूरचा टोल धरून गाडीभाडं १,०००. झाले ९,७००. त्यावर अठरा टक्के जीएसटी. जीएसटी नंबर विचारला तर "तो ऑफिसात आहे." दुसऱ्या दिवशी जुमा होता आणि सफा भिजलेल्या होत्या. अशा वेळी भांडणार कोण? बरीच वादावादी करून जीएसटी तेवढा वगळला आणि ९,७०० मोजले.

साडेसात हजारांपेक्षा २,२०० जास्त गेले. आमच्या वस्तीतली एक आजी दर जुम्याला नातवाच्या हाती दहाची नोट पेटीत टाकायला पाठवते. २,२०० रुपये म्हणजे तिचे २२० जुमे, चार वर्षांपेक्षा जास्त. हा हिशेब मी नंतर केला. आधी करायला हवा होता.

पण मला खरी टोचणी दुसऱ्याच गोष्टीची लागली. पंधरा दिवसांनी भोरच्या एसटी स्टँडवर तो वेल्ह्याचा माणूस भेटला. त्याला सगळं कळलं होतं. तो हसला नाही, टोमणाही मारला नाही. एवढंच म्हणाला, "सर, आता मी पण तीनच सांगत जाईन. खरं सांगितलं की काम जातं."

याला मी काय उत्तर देणार? फसवा भाव सांगणारा दोषी आहेच. पण एका प्रामाणिक कारागिराला खोटं बोलायला शिकवलं कुणी? आम्ही. आम्ही फक्त "फुटाला काय रेट?" एवढंच विचारलं. "सगळं मिळून किती?" हे विचारलंच नाही, आणि ज्याने न विचारता सांगितलं त्यालाच महाग ठरवलं.

आपल्याकडे मापात पाप म्हणतात. कुरआनातली ८३वी सूरत, मुतफ्फिफीन, मापात कमी देणाऱ्यांबद्दलच आहे. ती तराजूपुरती नाही असं आपण वाझमध्ये ऐकतो. अर्धाच भाव सांगणं हेही मापातलंच पाप आहे. फिकहच्या पुस्तकांत इजाऱ्याचा, म्हणजे मजुरीच्या कराराचा मसला आहे: काम काय आणि मोबदला किती, हे दोन्ही आधी माहीत हवं. आणि कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, कशाबद्दल आहे? उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून काढण्याबद्दल. ती आयत आपण तरावीहमध्ये दरवर्षी ऐकतो. पण लिहून मागायची वेळ आली की म्हणतो, "भरवशाचं काम आहे, कागद कशाला?"

देशाचा कायदाही याबाबतीत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा. त्याखाली २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या. गिऱ्हाईक ओढण्यासाठी आमिषाचा भाव दाखवायचा आणि त्या भावात काम द्यायचंच नाही, याला त्यात मनाई आहे. २०२३मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांची यादी झाली, तिच्यात ड्रिप प्रायसिंग आहे. आपल्या शेतकऱ्याला ते लगेच कळेल: ठिबक. किंमत एकदम सांगायची नाही, थेंब थेंब सोडायची. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मशिदीच्या ट्रस्टला मात्र ही वाट सोपी नाही. जुन्या कायद्याखाली ट्रस्ट ही 'व्यक्ती' नाही, म्हणून ग्राहकही नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये दिला होता. घरचा सोफा किंवा गालिचा धुऊन घेणाऱ्याला ती अडचण नाही. तरीही दोन हजारांसाठी पुण्याला हेलपाटे घालण्यापेक्षा आधी चार प्रश्न विचारणं सोपं.

पहिला प्रश्न: सगळं धरून एकूण किती? फुटाचा भाव नको, रुपयांत एक आकडा. दुसरा: मोजणार काय, खोली की कारपेट? आणि टेपने मोजणार की पावलांनी? तिसरा: त्या पैशांत नेमकं काय करणार? धूळ ओढणं वेगळं, शाम्पूने घासणं वेगळं आणि घाण पाणी मशीनने ओढून काढणं वेगळं. आपल्या दमट भागात तिसरं झालं नाही तर कारपेट आतून ओलं राहतं आणि धुण्याआधीपेक्षा जास्त वास मारतं. चौथा: डाग, गाडीभाडं, टोल, जीएसटी यातलं बाहेर काय राहिलं? डाग काम सुरू होण्याआधी दाखवायचे, नंतर नाही. जीएसटी लावणार असेल तर पंधरा अक्षरांचा नंबर बिलावर हवा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून मागायचं. जो लिहून द्यायला कचरतो, त्याचा भाव कितीही कमी असो, तो आपल्याला महागच पडणार.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. महाग म्हणजे फसवा असं नाही. लोकरीच्या गालिच्याला जास्त जपावं लागतं, लांबच्या गावाला डिझेल लागतं, त्याचे पैसे घेणं रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते आधी सांगा.

यंदा शाबान लागताच मी वेल्ह्याला फोन केला. तो आला, पुन्हा टेप लावली आणि म्हणाला, "आठ हजार, सगळं धरून." गेल्या वर्षापेक्षा पाचशे जास्त. बैठकीत कुणीतरी घासाघीस करायला तोंड उघडलं. मी म्हटलं, राहू द्या. मग त्याला एवढंच सांगितलं, "हे लिहून पाठवा." त्याने तिथेच उभं राहून पाठवलं.