रंग उजळला, की रक्त उतरलं?

“वैनी, काय लावतासा हो तोंडाला? रंग काय उजळलाय की तुमचा!”

२००३ सालची गोष्ट. बेळगावात, शहापुरातल्या एका लग्नात शेजारच्या सूनबाईंनी मला हे विचारलं आणि मी मनातून फुलून गेले. त्या दिवशी असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या, चांगल्या तिघी-चौघींनी तेच म्हटलं. मग काय! पंगत बसेपर्यंत मी सगळ्यांना माझा लेप सांगत सुटले. दोन चमचे बेसन, चिमूटभर हळद, दुधावरची साय, गुलाबपाणी असेल तर थेंबभर. एकीने तर आहेराच्या पाकिटामागे लिहूनसुद्धा घेतला.

महिन्याभरानं सगळे मिळून येळ्ळूरच्या किल्ल्यावर गेलो. राजहंसगड काही सिंहगड नव्हे. लहानपणी आम्ही तो पळत चढायचो. पण त्या दिवशी निम्म्या वाटेवरच माझ्या कानांत ठोके वाजायला लागले. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी एका दगडावर मटकन बसले. वय किती? अडतीस. मला वाटलं, वजन वाढलंय, चालायची सवय राहिली नाही, उद्यापासून रात्रीचं जेवण बंद करू. माझी जाऊ मात्र माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणाली, “ओठ बघ गं तुझे! खडूसारखे पांढरे पडलेत.”

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझी खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पाळी कशी येते?”

“येते की, सगळ्यांसारखी.”

“सगळ्यांसारखी म्हणजे किती दिवस?”

आठ दिवस. त्यातले तीन दिवस दर दोन तासांनी कपडा बदलायचा, रात्री उठून चादर बघायची, लग्नाकार्याला गडद रंगाचीच साडी नेसायची. हे सगळं मी तीन वर्षं ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून चालवून घेतलं होतं. ना आईला सांगितलं, ना नवऱ्याला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ हवं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. सुदैवानं ती साधी होती, पण रक्त घालवणारी होती.

बाई हसून म्हणाल्या, “तुमचा रंग उजळला नाही हो, तुमचं रक्त उतरलंय.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आपल्या चेहऱ्यावर, ओठांवर, नखांखाली जी लाली असते ती रक्तातल्या हिमोग्लोबिनची. ते कमी झालं की कातडीचा तजेला जाऊन फिकटपणा येतो. आणि आपल्याकडे गोऱ्या रंगाचं इतकं कौतुक, की त्या फिकटपणालाच आपण ‘उजळली हो’ म्हणतो. जे दुखण्याचं लक्षण, त्याचीच आपण वाहवा करतो. हे माझ्या एकटीचं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे हळदीकुंकवाला दहाजणी जमल्या तर त्यांत पाच-सहाजणी माझ्यासारख्याच!

आरशात काय बघायचं?

टिकली लावताना आरशापुढे आपण उभ्या राहतोच. तेव्हा आणखी अर्धा मिनिट द्या. उजेडाकडे तोंड करून खालची पापणी हळूच खाली ओढा. आतला भाग लालसर गुलाबी दिसायला हवा. फिकट दिसला तर शंका घ्या. सावळ्या कातडीवर फिकटपणा चटकन कळत नाही, पण पापणी खोटं बोलत नाही. तळहात, जीभ आणि नखंही पाहा. नखं पातळ होऊन तुटतात किंवा चमच्यासारखी खोलगट होतात. केस मूठ-मूठ गळतात. जिना चढताना धाप लागते, दुपारी उगाच गळून जायला होतं, चिडचिड होते.

आणखी एक खूण बायका सांगायला लाजतात. तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकणं, मुलांच्या दप्तरातली पाटीची पेन्सिल कुरतडणं, पहिल्या पावसात मातीचा वास येऊन ती खाविशी वाटणं. ही नुसती खोड नव्हे. पुष्कळदा शरीर लोह कमी पडल्यावर असं वागतं.

पण आरसा फक्त शंका घ्यायला. खात्री रक्त तपासूनच करायची. आणि शेजारणीनं घेतल्या म्हणून आपणही लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. ब-१२ जीवनसत्त्व कमी असलं किंवा थॅलेसेमियाचा दोष आनुवंशिक असला तरी हिमोग्लोबिन उतरतं, आणि त्यावर नुसतं लोह हा उपाय नाही. पाळी थांबलेल्या बाईचं रक्त कमी निघालं तर मूळव्याध, पोटातला व्रण असं आतून कुठं रक्त जातंय का, हे शोधावंच लागतं.

चहा-चपातीचा हिशेब

गाठीवर उपचार झाले. पण बाईंनी मला दिवसभराच्या खाण्याचा कागद लिहून आणायला लावला, तेव्हा माझीच मला लाज वाटली. सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उभ्या-उभ्या चहा-चपाती. दुपारी सगळे जेवून गेल्यावर उरलेली भाकरी, भाजीचं भांडं पुसून जेवढं निघेल तेवढं, आणि लगेच वर चहा. संध्याकाळी चहा-टोस्ट. रात्री आमटीतली डाळ मुलांच्या ताटात आणि वरचं पाणी माझ्या.

आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणाप्रमाणे बाईला रोज २९ मिलीग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. म्हणजे गरज तिची जास्त आणि ताट मात्र तिचं शेवटचं! त्यात चहामधलं टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. चहा-चपाती खाल्ली की चपातीतलं लोह बरंचसं वाया गेलंच म्हणून समजा. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. मलाही सुटलेला नाही! फक्त जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी नको.

दुसरी गोष्ट लिंबाची. पालेभाजी, भाकरी, डाळी यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची जोड लागते. म्हणून नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी आणि लाल माठाची, मेथीची, शेपूची भाजी असेल तर ताटात लिंबाची फोड हवीच. नाहीतर आवळा, कच्चा टोमॅटो, जेवणावर पेरूच्या दोन फोडी. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळायचं. शिजवलं की त्यातलं जीवनसत्त्व बरंच जातं. मटकी, मूग, हरभरे भिजवून मोड आणून खा. मोड आल्यानं त्यातलं लोह जास्त लागू पडतं. मासे-मटण खाणाऱ्यांचं काम थोडं सोपं आहे, कारण त्यातलं लोह शरीर लवकर घेतं. मात्र कलेजीचा तुकडा घरातल्या पुरुषांच्याच ताटात जातो, तेवढं बदला!

तिसरी गोष्ट माळ्यावरच्या लोखंडी कढईची. नॉनस्टिक आलं आणि आपण ती वर टाकली. ती खाली काढा. टोमॅटोची भाजी, अंबाडी, चिंच-कोकमाची आमटी असे आंबट पदार्थ त्यात शिजवले की कढईचं थोडं लोह अन्नात उतरतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि चव बिघडते.

गूळ, बीट आणि साबुदाणा

‘बीट लाल म्हणून रक्त वाढतं’ हे अजून ऐकायला मिळतं. बीट चांगलं, पण त्याच्या रंगाचा आणि रक्ताचा संबंध नाही. गुळात साखरेपेक्षा थोडं लोह असतं खरं, पण गरज भागवायची म्हटलं तर इतका गूळ खावा लागेल की साखरेचाच आजार व्हायचा. त्यापेक्षा आपले हळिवाचे लाडू करा. हळिवात लोह भरपूर. वाटीभर हळीव नारळाच्या पाण्यात चांगले फुगवायचे, ओलं खोबरं आणि बेताचा गूळ घालून शिजवायचं, गोळा झाला की लहान-लहान लाडू वळायचे. थंडीत रोज एक पुरे. पूर्वी बाळंतिणीला ते देत ते उगाच नाही. गरोदर बायकांनी मात्र हळीव टाळावेत.

आणि उपास! श्रावणातले सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, एकादशी. देवाधर्माच्या आड मी येत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळपणा. त्यात लोह नसल्यातच जमा. त्याजागी राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ करा. राजगिरा उपासाला चालतो, त्यात लोहही चांगलं असतं. सोबत एखादं पेरू खा, म्हणजे झालं.

गोळ्या मध्येच सोडू नका

हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं असेल तर नुसत्या जेवणानं ते भरून येत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका आठ दिवसांत गोळ्या सोडतात. काळं होण्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगा, रात्री जेवणानंतर घेऊन चालेल का ते विचारा. कॅल्शियमची गोळी, दूध आणि चहा मात्र तिच्याबरोबर नको. आणि महत्त्वाचं म्हणजे रक्त १२ वर आलं तरी साठा भरायला साधारण तीन महिने आणखी लागतात. तोवर थांबायचं नाही. गरोदर बायकांना आणि शाळकरी मुलींना सरकारी दवाखान्यातून, आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्यांत कमीपणा कसला?

मग व्यायाम आणि चेहरा?

वजन कमी करायचं म्हणून रक्त कमी असताना जेवण तोडणं किंवा धाप लागेपर्यंत पळणं, हा उलटा कारभार आहे. आधी रक्त. तोवर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालणं पुरे. डॉक्टर हो म्हणाल्या की स्वयंपाकघरातच सुरू करा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. दूध तापेपर्यंत खुर्चीवर बसून हात न टेकता दहा वेळा उठा. संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि आधाराशिवाय उठायचं. मी हेच केलं. सहा महिन्यांनी राजहंसगड पुन्हा चढले, वर जाऊन डबा उघडला आणि मगच बसले!

बेसनाचा लेप मी आजही लावते. त्यानं चेहरा स्वच्छ होतो, मऊ राहतो. त्याचं काम तेवढंच. मात्र दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ मलमं लावू नका. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. आठ-पंधरा दिवस चेहरा चमकतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, आणि मलम सोडलं की आणखी भडकतं. अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारनं २०१८ साली काढला आहे. ट्यूबवरचं नाव वाचायची सवय लावून घ्या.

आता शेवटची गोष्ट. माझा निकाल आला तेव्हा बाईंनी विचारलं होतं, “घरात मुलगी आहे ना? तिचंही बघूया.” ती तेव्हा चौदाची. ‘अभ्यासाचा कंटाळा करते, नुसती लोळते’ म्हणून मी तिला रोज बोलत होते. तिचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं. त्या रात्री मला झोप आली नाही. भाजीचं भांडं पुसून जेवायचं हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. ती नुसतं बघून शिकली होती. भावाला दुसरी चपाती वाढून स्वतः चहात टोस्ट बुडवत बसायची.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी रात्रीची एकच पंगत सुरू झाली. चपात्या आधी करून डब्यात ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. सासूबाई पहिले चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी ताटावर बसता-बसता म्हणाल्या, “गार चपाती काय वाईट लागत नाही गं. आमच्या वेळी कुणी सुचवलं नाही बघ.”

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढं कुणी ‘रंग उजळलाय की’ म्हणालं तर गोड हसा, आभार माना. आणि घरी आल्यावर आधी खालची पापणी ओढून बघा. स्वतःची बघून झाली की लेकीची.