निकाल आधी, चौकशी मागाहून

ज्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, तेथील शेतकऱ्यांची नातवंडे आज शोधनिबंध लिहिण्याच्या वयाची झाली आहेत. 1970 साली सिडको स्थापन झाली, भूसंपादन सुरू झाले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे बळी गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हा इतिहास ज्यांच्या घरात घडला, त्यांनीच तो विद्यापीठापुढे मांडावा हे उचितच होय. परंतु चळवळीत वाढलेल्या तरुणास एक खोड असते. तो पहिलीच ओळ निकालाची लिहितो. ‘शेतकरी लुबाडला गेला’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते. निबंधाच्या प्रारंभी मात्र पुढील वीस पाने त्याची पढविलेली साक्षीदार होतात, आणि परीक्षक ते पत्रक समजून बाजूस सारतो. दोष परीक्षकाच्या वर्गीय दृष्टीचा, एवढे म्हणून सुटका होत नाही.

प्रश्न, पूर्वसूरींचे म्हणणे, पद्धती, आढळलेल्या गोष्टी, त्यांचा अर्थ आणि मर्यादा ही चौकट म्हणजे पंडितांचे सोवळे, असा समज कार्यकर्त्यांत रूढ आहे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो या समजाचे उत्तर आहे. जातीचा दाह सोसलेला हा तरुण आरंभ धिक्काराने करीत नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तो प्रथम तपासतो, त्यांतील उणीव दाखवितो, सजातीय विवाह हे जातीचे मर्म ठरवितो आणि मग सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढींची त्याच सूत्राने संगती लावतो. आपले प्रतिपादन अग्राह्य ठरल्यास ते सोडून देण्याची तयारीही तो अखेरीस नोंदवितो. प्रहार एवढा खोल गेला तो या क्रमामुळेच.

नवी मुंबईच्या अभ्यासकाने सर्वाधिक श्रम घ्यावेत ते पद्धतीच्या प्रकरणावर. नेमके तेच दोन ओळींत उरकले जाते! नमुन्याची निवड सातबाऱ्यावरून केली, तर खातेदार तेवढा प्रकल्पग्रस्त ठरतो. शेतमजूर, खाडीत मासळी धरणारा कोळी, मिठागरावर राबलेली स्त्री यांचे नाव त्या उताऱ्यावर नसते. जे सरकारी दप्तराने वगळले, ते मग पुरोगामी अभ्यासकही वगळतो, आणि त्याच्या ध्यानीही येत नाही. घरोघर जाऊन विचारले काय, कोणाला विचारले, कोण भेटले नाही, हे तेथेच लिहिलेले हवे.

आढळलेली गोष्ट आणि तिचा अर्थ एकाच परिच्छेदात कालवणे हाही तसाच प्रमाद. गावातील किती कुटुंबांनी मिळालेला भूखंड बिल्डरला विकला, ही मोजता येणारी गोष्ट. का विकला, हा अर्थ. दोन्ही एकत्र आली की अधिकारी ‘उधळले’ म्हणतो, कार्यकर्ता ‘फसविले’ म्हणतो, आणि घरात आजारपण होते की कर्ज, हे त्या कुटुंबाला विचारायचे राहूनच जाते.